कॅल्शियमची बाटली पाजून पारडी दणकट होत नाही

प्रश्न : जोगेश्वरीला तबेला आहे. मुऱ्हा म्हैस आठव्या महिन्यात गाभण आहे. मागची पारडी जेमतेम 20 किलोची निघाली आणि दगावली. खाद्यवाला सांगतो, रोज कॅल्शियम पाजा, पेंड दुप्पट करा. करू का?

उत्तर : दोन्ही करू नका. दुकानदाराला बाटली खपवायची आहे, पारडी तुम्हाला वाढवायची आहे.

मुंबईच्या तबेल्यात दिसते ते असे: दुभतीला सगळा खुराक, आटलेलीपुढे नुसता कडबा. पोटातले वासरू मात्र शेवटच्या तीन महिन्यांतच झपाट्याने वाढते. तेव्हा आबाळ झाली की पारडी हलकी निघते, चीकही (व्यायल्यावरचे पहिले दूध) पातळ आणि कमी येतो. मुऱ्हा पारडी पहिल्यांदा विते साधारण साडेतीन वर्षांची झाल्यावर. ती मागे पडली तर जादा महिन्यांचा चारा तुमच्याच खिशातून. अमेरिकेत नेब्रास्काला मांसासाठी पाळलेल्या गायींनाही शेवटच्या महिन्यांत प्रथिनांचा पूरक खुराक दिल्यावर वासरे दूध तोडताना जास्त वजनाची भरली आणि त्यांतल्या कालवडी पुढे जास्त प्रमाणात गाभण राहिल्या.

तेव्हा आजच आटवायला घ्या. विण्याआधी 60 दिवस धार बंद, यात सूट नाही. दुधाचा लोभ इथेच नडतो. नंतर खुराक हळूहळू वाढवत रोज दोन किलोपर्यंत न्या, सोबत 50 ग्रॅम खनिज मिश्रण आणि हिरवा चारा. एकदम पेंड ओतली तर पोट बिघडते. म्हैस लठ्ठ झाली तर विताना अडते. बरगड्या हाताला लागायला हव्यात, डोळ्याला दिसायला नकोत.

पुन्हा सांगतो, शेवटचे तीन आठवडे बाटलीतले कॅल्शियम नको. बाहेरून भरपूर मिळाले की शरीर हाडांतले काढायचे विसरते. व्यायल्यावर चिकातून ते एकदम जाते आणि म्हैस खाली बसते, उठत नाही. कमतरता आहे की नाही हे डॉक्टर ठरवतील, दुकानदार नाही. पावसाळ्यात बार्लीचा चोथा आंबूस किंवा बुरशीचा वास मारत असेल तर गाभणीला अजिबात घालू नका, स्वस्त मिळाला तरी.

पारडी जन्मली की तासाभरात चीक, दिवसभरात वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतका. आधी चीक, मग धार काढून विक्री.

विमा आणि चारा बियाण्याची चौकशी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात करा. म्हशीच्या कानात 12 अंकी ओळख क्रमांकाचा बिल्ला हवा. म्हैस बसली तर 1962 हा पशुवैद्यकीय मदतीचा फोन लावा, बाटलीवाल्याला नको.