अंध व्यक्तीला फोनवरच्या नकाशाच्या आधाराने एकट्याने फिरता येतं का? कोणतं अ‍ॅप वापरावं?

तुम्ही लिहिलंय की रेटिनायटिस पिगमेंटोसामुळे तुमची नजर जवळजवळ गेली आहे, नोकरीसाठी सोलापूरहून पुण्याला यायचं आहे, आणि कुणाला सोबत न घेता फिरता यावं म्हणून कोणतं अ‍ॅप घ्यावं ते हवं आहे. मी जन्मापासून अंध आहे, पुण्यात नोकरी करते, आणि गेली नऊ वर्षं एकटीच ये-जा करते. येतं फिरता, नक्की येतं. पण सुरुवात अ‍ॅपपासून करू नका.

आधी पांढरी काठी आणि मोबिलिटी ट्रेनिंग, म्हणजे काठी घेऊन एकट्याने चालण्याचं शिक्षण. थोडं दिसत होतं तोवर काठी हातात धरायला मन तयार होत नाही, हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिलंय. तरी ऐका माझं. फुटपाथवर लावलेली दुचाकी, उघडं चेंबर, अर्धवट खणलेला रस्ता, यातलं काहीही नकाशाला ठाऊक नसतं. तुम्ही कुठे आहात एवढंच तो सांगतो, आणि तेही अंदाजे. मोकळ्या आकाशाखाली फोनचा जीपीएस साधारण ५ मीटरपर्यंत बरोबर असतो. उंच इमारतींमध्ये उपग्रहाचे संदेश भिंतींवर आपटून उशिरा पोचतात आणि ही चूक वाढत जाते. नळ स्टॉपसारख्या ठिकाणी डोक्यावर उड्डाणपूल आणि त्यावर मेट्रो असते, तिथे फोनच्या बोलण्यावर मी फार विसंबत नाही. रिक्षातल्या प्रवाशाला ५ मीटरने काही बिघडत नाही. आपल्यासाठी मात्र तेवढ्यात आपण रस्त्याच्या या कडेला आहोत की त्या, हे बदलतं.

याचा धडा मला एका दवाखान्याने दिला. अ‍ॅप म्हणालं, ‘तुम्ही पोचलात.’ काठी फिरवली तर समोर सलग भिंत. दहा मिनिटं मी त्या भिंतीला हात लावून चालत होते. ती इमारतीची मागची बाजू होती आणि गेट पलीकडच्या गल्लीत होतं. असं का होतं ते नंतर समजलं. नकाशावरची खूण बऱ्याचदा इमारतीच्या मधोमध असते आणि अ‍ॅप त्या खुणेला सर्वांत जवळ पडणाऱ्या रस्त्यावर नेऊन थांबवतं. दार कुठल्या बाजूला आहे याच्याशी त्याला देणंघेणं नसतं.

तेव्हापासून मी माझ्या खुणा स्वतः करते, आणि या उत्तरातलं एकच काही लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा. नव्या जागी पहिल्यांदा कुणा डोळस माणसाबरोबर जाते तेव्हा अगदी दारात उभी राहते आणि व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच ‘सध्याचं ठिकाण’ पाठवते. पाठवण्याआधी तिथे किती मीटरपर्यंत अचूक ते लिहून येतं आणि टॉकबॅक, म्हणजे अँड्रॉइड फोनवरचा मजकूर बोलून दाखवणारी सोय, ते वाचतो. आकडा दहाच्या खाली उतरेपर्यंत थांबायचं. खाली टाईप करायचं: ‘बँकेचं गेट, आधी लोखंडी जाळी, मग उतार, रखवालदार डाव्या हाताला.’ लिहायचंच, कारण व्हॉइस नोट नंतर शोधून सापडत नाही. पुढच्या वेळी ते ठिकाण गूगल मॅप्समध्ये उघडलं की अ‍ॅप मला त्या दाराच्या जवळपास आणून सोडतं, आणि उरलेलं अंतर जाळी, उतार, चहाच्या टपरीचा वास यांवर पार पडतं. माझ्याकडे अशा शंभराहून जास्त खुणा आहेत.

दुसरी अडचण दिशेची. चालू लागल्यावर अ‍ॅप म्हणतं, ‘ईशान्येकडे जा.’ उभ्या माणसाचं तोंड कुठे आहे हे फोनला नीट कळत नाही. त्याचं होकायंत्र आजूबाजूच्या लोखंडामुळेही बिघडतं. मी दहा-पंधरा पावलं सुरक्षित बाजूने चालून बघते. अंतर कमी होत गेलं तर बरोबर, वाढलं तर मागे फिरायचं. सकाळची वेळ असेल तर ऊन कुठल्या गालावर येतंय तेही बघते. गूगलने २०१९ मध्ये अंध लोकांसाठी सविस्तर आवाजी मार्गदर्शन आणलं, सुरुवातीला अमेरिकेत इंग्रजीत आणि जपानमध्ये जपानीत. त्यात तुम्ही योग्य वाटेवर आहात का, पुढचं वळण किती दूर आहे, मोठा चौक येतोय का, हे अधूनमधून सांगितलं जातं. नेव्हिगेशनच्या सेटिंगमध्ये चालण्याच्या पर्यायांत तो पर्याय दिसला तर लगेच सुरू करा.

गूगल मॅप्सच्या जोडीला लाझारिओ (Lazarillo) हे अ‍ॅप ठेवा. ते फुकट आहे, खास अंधांसाठी बनवलंय, अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींवर चालतं. आजूबाजूची दुकानं, रस्ते यांची नावं ते चालता चालता सांगत जातं. बसमध्ये मला त्याचाच उपयोग होतो, आपला थांबा जवळ आल्याचं कंडक्टरच्या आधी कळतं. आयफोन असेल तर व्हॉइसव्हिस्टा बघा. मायक्रोसॉफ्टचं साउंडस्केप हे अंधांसाठीचं अ‍ॅप २०२३ मध्ये बंद झालं, पण त्याचा कोड खुला केल्यामुळे ती कल्पना यात टिकून आहे: मुक्काम ज्या दिशेला असेल त्या दिशेकडून कानात आवाज येतो. सोलापूर-पुणे गाडीत ‘व्हेअर इज माय ट्रेन’ वापरा. इंटरनेट नसलं तरी मोबाईल टॉवरवरून गाडी कुठे आहे ते कळतं. कुर्डुवाडी गेलं, दौंड आलं, हे कुणाला विचारावं लागत नाही.

दोन्ही कानांत हेडफोन कधीही घालू नका. आपल्याला रस्ता ऐकूनच दिसतो. मी बोन कंडक्शनचे हेडफोन वापरते, ते कानाच्या पुढच्या हाडावर बसतात आणि कान मोकळे राहतात. ते महाग वाटले तर एकाच कानात साधा इअरफोन, रहदारीच्या उलट बाजूच्या. विजेवरच्या गाड्या आल्यापासून मी याबाबतीत जास्तच कडक झाले आहे, त्या हळू येतात तेव्हा चाहूल लागत नाही. फोन हातात न धरता गळ्यात किंवा कमरेच्या पाऊचमध्ये ठेवा, एक हात काठीला आणि एक मोकळा हवा.

रस्ता कधी ओलांडायचा हे मी कुठल्याही अ‍ॅपला विचारत नाही. माणसाला विचारते. ‘अमुक कुठे आहे?’ म्हटलं की लोक हात करून ‘ते काय, समोर’ म्हणतात. म्हणून मी विचारते, ‘माझ्या उजव्या हाताला आत्ता काय आहे?’ याचं उत्तर शब्दांतच द्यावं लागतं. आणि रिक्षात बसले की नकाशा चालू ठेवते, ठिकाणही घरच्यांना एका तासासाठी लाइव्ह पाठवते. बाईमाणसाने तर हे करावंच.

पुण्याला येईपर्यंत थांबू नका. सोलापुरात घरापासून कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापर्यंतची वाट तुमच्या पायांना पाठ आहे, तिथेच रोज अ‍ॅप लावून चाला. दुकान आलंय हे तुम्हाला माहीत असताना अ‍ॅप किती पावलं आधी किंवा नंतर बोलतं ते मोजा. पंधरा दिवसांत तुमच्या फोनचा स्वभाव कळेल. ऑफिस पुण्यात कुठल्या भागात आहे ते खाली लिहा. कर्वे रस्ता, डेक्कन, शिवाजीनगर यांपैकी असेल तर तिथल्या माझ्या खुणा पाठवते.