एकांताचा नरक की एकाकीपणाचा?

प्रश्न असा आला आहे : ‘एका कथासंग्रहाच्या परीक्षणात “नायिका एकांताच्या नरकात होरपळते” असं वाक्य वाचलं. इथे “एकांत” चालेल का? आणि “नरक” हा शब्द “नर”वरून आला का?’

नाही चालणार. हल्ली कुणी एकटं पडलं की लिहिणारे सरसकट ‘एकांत’ चिकटवतात, कारण तो कानाला भारदस्त लागतो. एकांत माणूस शोधतो, तो मिळाला की सुखावतो. ‘येणें सुखें रुचे एकांताचा वास’ म्हणणारे तुकोबा नरकाबद्दल बोलत नव्हते! एकाकीपण मात्र वाट्याला येतं आणि खायला उठतं. पाणिनीने तर ‘एकाकी’साठी स्वतंत्र सूत्रच दिलं आहे : ‘एकादाकिनिच्चासहाये’ (५.३.५२). ‘एक’ला हा प्रत्यय लागतो तो ‘असहाय’, म्हणजे सोबतीला कुणी नसलेला, या अर्थी. यावर गीतेतला ‘एकाकी यतचित्तात्मा’ योगी कुणीतरी पुढे करणारच. करू द्या. तो योगी आहे, परीक्षणातली नायिका नाही.

आता नरक. काही कोशकार ‘नॄ’ म्हणजे नेणे या धातूकडे जातात : पाप्यांना नेतो तो नरक. नेतो म्हणजे कुठे, हे सांगायचं राहूनच जातं. ‘नर’शी जोडणं तर निव्वळ कानाचा कौल. वैदिक शब्दांच्या व्युत्पत्ती सांगणाऱ्या यास्काच्या निरुक्त या प्राचीन ग्रंथात दोन व्युत्पत्त्या आहेत. पहिली ‘नीचैर्गमनम्’, खाली जाणं. आधुनिक भाषाशास्त्रज्ञांना ती त्यातल्या त्यात पटते, कारण ग्रीकमध्ये ‘नेर्तेरोस’ म्हणजे ‘खालचा’ आहे. मी ज्यासाठी हे उत्तर लिहायला बसलो ती दुसरी : ‘नास्मिन् रमणं स्थानमल्पमप्यस्ति’. जिथे रमायला तसूभरही जागा नाही, तो नरक.

आता बृहदारण्यक उपनिषद उघडा. सुरुवातीला एकटाच असलेला तो आत्मा आधी घाबरतो. मग दुसरं कुणी नाहीच तर भ्यायचं कुणाला, म्हणून सावरतो : ‘द्वितीयाद्वै भयं भवति’. आणि लगेच पुढे : ‘स वै नैव रेमे, तस्मादेकाकी न रमते’. तो रमला नाही, म्हणून एकटा माणूस रमत नाही. पाहिलंत? दोन्हीकडे ‘रम्’ धातू, दोन्हीकडे नकार. नरकाची व्याख्या आणि एकाकीपणाची व्याख्या एकच! विद्वान यास्काच्या या दुसऱ्या व्युत्पत्तीला लोकव्युत्पत्ती, म्हणजे नुसत्या ध्वनिसाम्यावर जुळवलेली, म्हणून नाक मुरडतात. मुरडोत. शब्द कुठून आला हे त्यांनी सांगावं. तो ऐकणाऱ्यांना काय वाटत होतं हे यास्कच सांगतो. बौद्ध परंपरेतही पाली भाष्यकार बुद्धघोष ‘निरय’ (नरकाचाच पाली शब्द) फोडतो तो असाच : जिथे ‘अय’, म्हणजे आस्वाद, नाही तो निरय. पालीतल्या अच्छरियब्भुत सुत्तात तर निरनिराळ्या लोकांच्या, म्हणजे जगांच्या, मधल्या पोकळीतला एक काळोख आहे, जिथे सूर्यचंद्राचा उजेड पोचत नाही. बोधिसत्त्वाच्या जन्मावेळी तिथे प्रकाश पडतो, तेव्हा तिथल्या जिवांना पहिल्यांदा कळतं की अरे, इथे आणखीही कुणी आहेत.

यावर हमखास फ्रेंच तत्त्वज्ञ-नाटककार सार्त्र येतो : ‘नरक म्हणजे इतर लोक’. हे वाक्य माणूसघाण्यांनी पळवलं आहे. ते ज्या १९४४च्या नाटकात येतं, त्यात तिघं नरकातल्या एका खोलीत असतात, आरसा नाही, दुसऱ्याच्या नजरेखेरीज स्वतःला पाहायची सोय नाही. मध्येच दार उघडतं, तरी कुणी बाहेर जात नाही. इतरांशी संबंध नेहमीच नरक असतात असं आपल्याला म्हणायचं नव्हतं, ते बिघडलेले असतील तरच, हे सार्त्रने पुढे स्वतः स्पष्ट केलं. त्यामुळे ‘एकांत बरा’ याचा पुरावा म्हणून ते वाक्य कृपया वापरू नका.

तेव्हा ‘एकाकीपणाच्या नरकात’ लिहा. आणि विचारलं नसलं तरी सांगतो, ‘होरपळते’ही बदलता येईल. इटालियन कवी दान्तेच्या महाकाव्यातल्या नरकाचा तळ आगीचा नाही, बर्फाचा आहे. तिथल्या काहींची आसवं डोळ्यांतच गोठतात, म्हणून पुढची बाहेर पडत नाहीत. एकाकी नायिकेला ‘गोठते’ जास्त शोभेल.