हुकूमशाही गेल्यावर आर्थिक धोरण ठरवण्याची पद्धत आधी कुठून सुधारावी?

माझ्या मते, सरकारी पैसा कुठून येतो नि कुठे जातो हे आधी उघड करावं. बाकी सगळं नंतर.

इंडोनेशिया बघा. हुकूमशहा सुहार्तोंच्या काळात बराच पैसा अर्थसंकल्पाबाहेरच्या निधींतून फिरायचा. जंगलं पुन्हा उभी करण्यासाठी जमवलेला पैसा सरकारी विमान कारखान्याकडे वळवला गेला, आणि संसद नुसती मान डोलवत होती! मे 1998मध्ये सुहार्तो पायउतार झाले. त्या वर्षी महागाई 70 टक्क्यांच्या वर गेली होती.

1999मध्ये कायद्याने मध्यवर्ती बँक स्वतंत्र झाली. 2003च्या सरकारी वित्त कायद्याबरोबर सरकारी तूट, म्हणजे उत्पन्नापेक्षा जास्त झालेला खर्च, जीडीपीच्या (देशाच्या एकूण उत्पादनाच्या) 3 टक्क्यांत ठेवण्याची मर्यादा आली. मला सगळ्यात मोलाची वाटते ती हीच, कारण ती टिकली. कोविडमध्ये शिथिल केली, तीही 2022पर्यंतच, मुदत आधीच ठरवून.

घाई अंगाशी येते, हेही तिथेच दिसतं. 2001मध्ये जिल्ह्यांना एकदम अधिकार दिले, पण हिशेब तपासणारी यंत्रणा तयार नव्हती. मग भ्रष्टाचारही जिल्ह्याजिल्ह्यांत पोहोचला. म्हणून लेखापरीक्षण आधी, अधिकारवाटप मागून.