ऑइल गळतंय आणि बोल्ट काही हलत नाही

प्रश्न : नमस्कार काका, मी गुहागरचा, घर समुद्रापासून अगदी जवळ आहे. माझी शंभर सीसीची बाईक आता ११ वर्षांची झालीये. गेल्या पावसाळ्यापासून रोज सकाळी इंजिनखाली फरशीवर ऑइलचा डाग दिसतो. मित्र म्हणाला क्लचच्या बाजूच्या कव्हरचं पॅकिंग गेलंय, म्हणून स्वतःच खोलायला बसलो. वरचे बोल्ट निघाले पण खालचे दोन जाम आहेत, त्यातल्या एकाचं डोकं फिक्स पान्याने गोल झालं. डब्ल्यूडी-४० चा स्प्रे मारला, फरक नाही. आता पान्याला पाइप लावून जोर देऊ का?

उत्तर : पाइप अजिबात लावू नकोस रे बाबा, हे सगळ्यात आधी. तुझा बोल्ट एम-सिक्सचा असणार, म्हणजे आटे ६ मिलिमीटरचे आणि डोक्याला ८ चा पाना, असला बोल्ट बसवताना साधारण १० न्यूटन मीटरलाच आवळतात, म्हणजे १० सेंटीमीटर लांब पान्याच्या टोकाला १० किलोचा जोर, बस. जाम झालेल्याला जास्त लागतो हे खरं, पण पाइप लावला की किती जोर गेला ते हाताला कळतच नाही आणि बोल्ट सुटायच्या ऐवजी आतल्या आत तुटतो.

आणि मला सांग, गळती तिथूनच आहे हे तू बघितलंस का? ऑइल गळतं एकीकडून आणि टपकतं दुसरीकडून, इंजिनच्या वरच्या टॅपेट कव्हरची ओ-रिंग, म्हणजे रबरी कडी, कडक झाली तरी ते फिन्सवरून, म्हणजे इंजिनाच्या बाहेरच्या पातळ पट्ट्यांवरून, उतरत उतरत खालीच येतं, शिवाय गाडी चालताना वारा त्याला मागे ढकलतो. काढलेले बोल्ट परत लाव, ऑइलची लेव्हल बघ, इंजिन थंड असताना डिझेल आणि ब्रशने सगळं स्वच्छ धू, पूर्ण कोरडं कर आणि वरून अंगाला लावायची टाल्कम पावडर भुरभुर. दहा मिनिटं इंजिन चालव, पावडर जिथे पहिल्यांदा काळी ओली होईल तिथे गळती. किकचा शाफ्ट कव्हरमधून बाहेर येतो तिथलं ऑइल सीलही बघ, आणि इंजिनातला दाब बाहेर सोडणारा ब्रीदरचा पाइप चिखलाने बुजला नाही ना तेही, कारण तो बुजला की आतला दाब वाढून चांगली सीलंसुद्धा गळायला लागतात. तुझं कव्हर कदाचित खोलावंच लागणार नाही.

खोलावंच लागलं तर मात्र घाई नको. तुमच्याकडे खाऱ्या हवेत लोखंडी बोल्ट आणि ॲल्युमिनियमचं कव्हर एकमेकांना चिकटून बसले की ॲल्युमिनियम कुजतं, त्याची पांढरी भुकटी होते, ती भुकटी मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते आणि आटे गच्च आवळून धरते. म्हणून खालचे बोल्ट आधी जातात, तिथेच पाणी साठतं. डब्ल्यूडी-४० मुळात पाणी हटवायला १९५३ साली बनवलेलं, नावातला चाळीस म्हणजे चाळिसावा प्रयोग. ते वाईट नाही, पण अशा कामाला खास, आट्यांत झिरपणारं पेनिट्रेटिंग ऑइल मिळतं ते आण, तारेच्या ब्रशने डोक्याची कड साफ करून संध्याकाळी लाव, रात्री झोपायच्या आधी परत लाव, आणि प्रत्येक वेळी डोक्यावर छोट्या हातोडीने सरळ पाचसहा ठोके दे, जोरात नाही, पण नेमके. ठोक्याने भुकटीला तडे जातात आणि तेल आत उतरतं, मारून लगेच पाना लावला तर तेलाला वेळच मिळत नाही. सकाळी सहा कोनांचा गोटी पाना, म्हणजे बोल्टच्या डोक्यावर टोपीसारखा बसणारा, लाव, बारा कोनांचा नको. आधी आवळायच्या दिशेने अगदी केसभर हलव, मग सोडवायच्या दिशेने, परत आवळ, परत सोडव. हाताला 'टक्क' लागलं की समज सुटला.

नाहीच सुटला तर उष्णता. तापल्यावर ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळपास दुप्पट फुगतं, त्यामुळे बोल्टपेक्षा भोक जास्त मोठं होतं. पण टॉर्चची ज्योत नको!! वर पेट्रोलची टाकी, सगळीकडे तेल, आत्ताच मारलेलं स्प्रेही पेटतं. मी तर किटलीभर उकळतं पाणी कव्हरवर बोल्टच्या आजूबाजूला ओततो आणि लगेच पाना लावतो, एवढ्यावर बऱ्याचदा काम होतं. हातमोजे घाल.

आता तो गोल झालेला. ८ मिलिमीटरऐवजी इंचातला ५/१६ चा सहाकोनी गोटी पाना मागून आण, तो ७.९४ मिलिमीटरचा असतो, हातोडीने ठोकून बसवला की घट्ट पकडतो. तेही जमलं नाही तर डोक्याच्या मधोमध टोकदार पंच ठेवून हातोडीने छोटा खड्डा पाड, ३ मिलिमीटरच्या ड्रिलने सुरुवात करून नंतर ६ चं घाल आणि फक्त डोकं उडव. लोक याला घाबरतात, पण डोकं गेलं की बोल्टवरचा ताण जातो, कव्हर निघून येतं आणि उरलेला दांडा बाहेर राहतो, तो व्हाइस ग्रिपने, म्हणजे लॉक होणाऱ्या पकडीने, पकडून बहुतेक वेळा आरामात फिरतो. कव्हर उचकटताना सांध्यात स्क्रूड्रायव्हर मात्र घालू नकोस, तिथे एक ओरखडा पडला की नवीन पॅकिंगही गळणार, रबरी हातोडीने बाजूने ठोकून सैल कर.

बोल्ट कमी-जास्त लांबीचे असतात, म्हणून पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून ज्याचा त्याच जागी खोचून ठेव. बसवताना आट्यांना किंचित अँटी-सीझ, म्हणजे जाम होऊ न देणारं, ग्रीस लाव आणि समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे आवळत जा, मग ग्रीसमुळे पाना हलका लागतो तेव्हा १० न्यूटन मीटरच्याही थोडं आतच थांब.

प्रश्न : ऑइल काढायच्या ड्रेन नटाचे आटे गेलेत, मेकॅनिकने टेफ्लॉन टेप गुंडाळून बसवलाय, चालेल का? – एक वाचक, सांगली

उत्तर : नाही चालणार. आटे गेलेल्या नटाला टेपने पकड येत नाही, गरम होऊन तो रस्त्यात पडला तर ऑइल संपून इंजिन जाम होईल, आणि मागच्या चाकावर ऑइल आलं तर जीवावर बेतेल. हेलिकॉइल बसवून घ्या, म्हणजे नवीन आट्यांचं स्टीलचं स्प्रिंगसारखं वेटोळं, चांगला लेथवाला करून देतो. नटाखालचा वॉशर नवीन टाका. आणि पुढच्या वेळी खाली झोपून सोडवताना नटाच्या डोक्याकडून बघून दिशा ठरवा, घड्याळाच्या उलट, उलटं पडून बघितलं की हमखास गोंधळ होतो आणि सोडवण्याच्या नादात आवळून आटे जातात.