पिशवीतले बूट

प्रिय मुली,

रविवारी तू आलीस ती पायात स्पोर्ट शूज घालून, आणि स्वतः शिवलेले बूट पेपरात गुंडाळून पिशवीत. तासभर विचारत होतीस, कोर्स करू का, मशीन घेऊ का, इन्स्टावर ऑर्डरी घेऊ का. मी नुसता सोल बघत होतो. एक ओरखडा नाही! तू ऐरोलीची गाडी पकडून गेलीस आणि मग मी चिडलो, म्हणून हे पत्र.

अगं, आधी पायात घाल ते.

टाके छान आलेत. एका दोऱ्याला दोन्ही टोकांना सुया, हे बरोबर धरलंस. एक टाका तुटला तरी शेजारचे धरून ठेवतात. पण डाव्या बुटाचं अपर, म्हणजे पायावरून येणारा वरचा भाग, तू चामड्याच्या पोटाकडून कापलंयस. पोटाचं चामडं सैल, ओढशील तितकं येतं. फर्म्यावर, त्या पायाच्या आकाराच्या साच्यावर, चढवताना ते फार गुणी वाटलं असेल. थोडे दिवस चाललीस की चवड्यापाशी पसरेल आणि पाय आत हिंडायला लागेल. अपर पाठीकडून घ्यायचं, हे मी सांगून लक्षात राहणार नाही. चवड्याने सांगितलं की राहील. म्हणून म्हणतोय, घाल.

माझा पहिला जोड मी वागळे इस्टेटला नोकरी करता करता शिवला. सहा महिन्यांचे रविवार गेले. टाच जराशी वाकडी बसली, म्हणून लाजून माळ्यावर टाकला आणि मोठ्या ऐटीत दुसरा जोड एका मित्रासाठी केला. त्याने तलावपाळीला दोन फेऱ्या मारल्या आणि मोजा रक्ताने माखला. माप मी सकाळी घेतलं होतं, त्याला खुर्चीत बसवून. दिवसभरात पाय फुगतो, उभं राहिलं की पसरतो, हे मला तोंडपाठ होतं. पण स्वतःचे बूट घालून एक संध्याकाळ काढली नव्हती. मित्र आजही येतो, चहा घेतो. बुटांचा विषय मात्र दोघंही काढत नाही. माळ्यावरचा जोड पुढे कधीतरी खाली काढला, तर बुरशीने हिरवा झालेला.

घरी म्हणतात ना, शिकून सवरून हेच का? माझे वडीलही म्हणायचे. आजोबांची रापी, चामडं कापायची सुरी, त्यांनी ट्रंकेत तळाशी ठेवली होती, आल्यागेल्याला दिसू नये म्हणून. मी त्यांना दोष देत नाही. ज्या कामापायी गावात ओंजळीत वरून पाणी ओतायचे, ते काम पोराच्या हातात बघवत नसणार. पण लपवायचं त्यांच्यापाशी कारण होतं. तुझ्यापाशी काय आहे? डावा बूट थोडा चुरगळलाय, एवढंच ना?

बायको म्हणते, हा माणूस लग्नाकार्यालाही स्वतः शिवलेले तेच बूट घालतो, नुसता हट्ट. असेल हट्ट. पण त्या जोडाचा सोल मी तीनदा बदललाय, अपर तेच आहे. वेल्ट, म्हणजे अपर आणि सोल जोडणारी चामड्याची पट्टी, हाताने शिवलेली असली की झिजलेला सोल उसवून नवा शिवता येतो. हट्टाशिवाय हे कोण करतं? बरं, ते राहू दे.

कोर्स कर, हरकत नाही. मशीन आत्ता नको. ऑर्डर तर अजिबात घेऊ नकोस, तुझ्या बुटांनी एक अख्खा पावसाळा काढेपर्यंत. भिजले तर आत कागद कोंबून सावलीत वाळव. उन्हात नाही, गॅसजवळ तर नाहीच.

येत्या रविवारी ये. स्टेशनपासून चालत ये, रिक्षा करायची नाही. जाड मोजे घाल. डावा फर्मा बरोबर आण, आणि कुठे चावला तिथे बुटावर खडूने खूण कर. आजोबांच्या रापीला मी धार लावून ठेवतो.

तुझा,
काका