दगडी भिंतीच्या दरजा : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

गेल्या काही आठवड्यांत आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे दगडी आवरणाविषयी, म्हणजे ज्याला बाजारात सर्रास ‘स्टोन क्लॅडिंग’ म्हणतात त्याविषयी आहेत. त्यांतील चार पत्रे येथे घेतली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर लांबले आहे, कारण पुढच्या उत्तरांचा बराचसा पाया त्यातच येतो.

प्रश्न : आमच्या घराच्या दर्शनी भिंतीवर सुमारे 65 चौरस फूट क्षेत्रावर फिकट रंगाच्या राजस्थानी वालुकाश्माच्या खडबडीत पट्ट्या बसवून घेतल्या. दगड साधारण एक फूट लांब आणि अर्धा फूट उंच असून मधल्या फटी, म्हणजे दरजा, अर्धा इंच रुंद आहेत. टाइल बसवणारा कारागीर दगड चिकटवून गेला, तो दरजा भरायला परत आलाच नाही. हे काम मी स्वतः सुट्टीच्या दिवशी करू शकेन काय? शेजाऱ्यांनी असाच प्रयत्न केला तेव्हा सगळ्या दगडांवर सिमेंट फासले गेले आणि भिंत राखाडी झाली, म्हणून धास्ती वाटते.
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : अवश्य करू शकाल. घरी करण्याजोग्या गवंडीकामांत दरजा भरण्याचे काम सर्वांत सोपे आहे. त्यात ताकद लागत नाही, लागतो तो वेळेचा अंदाज. शेजाऱ्यांच्या भिंतीचे जे झाले ते बहुधा हातातल्या ओल्या स्पंजामुळे झाले असावे. फरशीच्या सांध्यांत भरलेले ग्राउट आपण ओल्या स्पंजाने पुसतो, कारण फरशीला चकाकी असते आणि ती पाणी पीत नाही. वालुकाश्म मात्र पाणी पितो, आणि त्या पाण्याबरोबर सिमेंटची पूडही त्याच्या छिद्रांत जाऊन बसते. मी स्वतः माझ्या व्हरांड्याच्या खांबावर हीच चूक केली होती आणि तो पांढुरका थर आजही उन्हात दिसतो.

काम सुरू करण्यापूर्वी प्रत्येक दगडावर थापीच्या मुठीने हलकेच ठोकून पाहा. बद्द आवाज आला तर दगडामागे पोकळी आहे असे समजावे आणि तो दगड आधी पुन्हा चिकटवून घ्यावा. दरज भरून झाल्यावर तो निघाला तर शेजारच्या चार दगडांचे काम वाया जाते. फटीत बाहेर आलेला चिकट मसाला जुन्या स्क्रू-ड्रायव्हरने खरवडून काढा, म्हणजे मालाला निदान 20 मिलिमीटर खोली मिळेल. वरवर लिंपलेली दरज पहिल्या उन्हाळ्यातच पापडासारखी सुटते.

मालाचे प्रमाण एक भाग सिमेंट आणि तीन भाग बारीक चाळलेली वाळू असे ठेवा. सिमेंट जास्त घातले की काम पक्के होते ही समजूत येथे उलटी ठरते, कारण सिमेंट जितके अधिक तितका माल आकसतो आणि दगडाच्या कडेला केसाएवढी चीर पडते. दगड फिकट असल्यामुळे पांढरे सिमेंट वापरलेत तर भिंत उजळ दिसेल. बांधकामाची क्रश सँड वापरणार असाल तर तिच्यात भुकटी किती आहे ते पाहून घ्या : काचेच्या बरणीत तीन बोटे वाळू घालून वर पाणी आणि चमचाभर मीठ टाकावे, जोरात हलवावे आणि दोन-तीन तास ठेवावे. वर साचलेला गाळ सुतळीएवढा पातळ असेल तर चालेल, बोटाएवढा जाड असेल तर वाळू धुऊन घ्यावी.

आपल्या भिंतीत दरजांची एकूण लांबी साधारण 60 मीटर भरेल. अर्धा इंच रुंदी आणि 20 मिलिमीटर खोली धरली तर सांडलवंड जमेस धरून सुमारे 18 लिटर माल लागेल. त्यासाठी 9 किलोच्या आसपास सिमेंट आणि रंगाची 20 लिटरची रिकामी बादली काठापासून थोडी कमी भरेल इतकी वाळू पुरते. 50 किलोची अख्खी गोणी आणण्याची गरज नाही. शिवाय हा सगळा माल एकदम कालवायचा नाही. अर्ध्या लिटरच्या मापाने एक माप सिमेंट आणि तीन मापे वाळू कोरडीच एकजीव करा, मग पाणी थोडे थोडे घाला. एवढ्यात जवळपास पाच मीटर दरज भरते आणि ती अर्ध्या तासात भरून झाली पाहिजे. घट्ट होऊ लागलेल्या मालात पुन्हा पाणी घालून तो सैल करण्याचा मोह होतो; तसे केलेला माल वाळल्यावर नखाने उकरता येतो, म्हणून तो टाकूनच द्यावा.

आता पाण्याविषयी, कारण सोलापुरात हे काम बिघडते ते बहुतेक वेळा पाण्याच्या हिशेबात. बोअरचे पाणी क्षारयुक्त असते आणि तेच क्षार पुढे दरजांवर पांढरे होऊन फुलतात, म्हणून कालवण्यासाठी पिण्याचे पाणी घ्या. सगळ्या कामाला मिळून ते सात-आठ लिटरच लागेल. नळाला पाणी येण्याचा दिवस पाहून एक कळशी बाजूला काढून ठेवली की झाले. दुसरे म्हणजे तापलेला, तहानलेला दगड मालातले पाणी क्षणात शोषून घेतो आणि सिमेंटला घट्ट होण्यासाठी पाणीच उरत नाही. एप्रिल-मेमध्ये पारा 40 अंशांच्या वर असताना पश्चिमेच्या भिंतीला दुपारी हात लावून पाहा, म्हणजे मी काय म्हणतो ते कळेल. त्यामुळे ज्या भिंतीवर ऊन नाही त्या वेळी तिच्यावर काम करावे : पश्चिमेची भिंत सकाळी, पूर्वेची भिंत दुपारनंतर. भरण्याआधी अर्धा तास दगडाला आणि फटीला पाणी पाजा. दगड ओलसर हवा, पण त्यावर पाणी चकाकता कामा नये, कारण चकाकणाऱ्या पाण्यात माल पातळ होऊन ओघळतो.

भरण्याच्या दोन पद्धती आहेत. एक, मेंदीच्या कोनासारखी जाड प्लास्टिकची पिशवी घ्यायची, तिचे टोक दरजेच्या रुंदीपेक्षा किंचित लहान कापायचे आणि श्रीखंडाइतका घट्ट माल आतून बाहेर दाबत भरायचा. दुसरी, ओल्या वाळूचा लाडू वळावा इतपत कोरडा माल घेऊन तो उलट्या थापीवर धरायचा आणि अरुंद पात्याच्या थापीने फटीत ठासायचा. पहिली पद्धत झपाट्याची आहे. तरी खडबडीत दगडावर नवख्या हाताने दुसरीच धरावी असे माझे मत आहे, कारण कोरडा माल दगडावर पडला तरी डाग न ठेवता गळून पडतो आणि आकसतोही कमी. वरून खाली येत जा, आणि आधी भरलेल्या मालाच्या टोकाला नवा माल दाबून जोडा.

मग थांबा. येथेच बहुतेकांचा धीर सुटतो. अंगठा दाबल्यावर ठसा उमटतो पण माल बोटाला चिकटत नाही, अशी अवस्था आली की दरज घोटायची; त्याआधी नाही आणि फार नंतरही नाही. हिवाळ्यात यायला तासभर लागतो, तर उन्हाळ्यात वीस मिनिटांतही ती वेळ येते. घोटण्यासाठी खास अवजार हवेच असे नाही. पाइपचा गुळगुळीत तुकडा किंवा जुन्या चमच्याची पाठ चालते. दरज दगडाच्या कडेपासून थोडी आत दबलेली आणि किंचित खोलगट ठेवली तर दगडाचा उठाव दिसतो, फक्त तिच्यात पाणी साठेल असा कट्टा राहू देऊ नये. घोटून झाल्यावर कोरड्या काथ्याच्या ब्रशने कडा झाडा. दगडावर पडलेला गोळा पुसू नका; तो कडक होऊ द्या आणि थापीच्या टोकाने उडवा.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून दिवसातून तीन-चार वेळा फवाऱ्याच्या बाटलीने बारीक पाणी मारा. साध्या सिमेंटला सात दिवस, राखमिश्रित पीपीसीला दहा दिवस. आपल्याकडच्या कोरड्या हवेत दोन दिवस जास्त दिलेत तर उत्तमच. भिंतीवर ऊन येत असेल तर ओले कापड आडवे टांगावे. सोलापूरच्या घरांत जुन्या चादरींना तोटा नाही, परंतु रंगीत चादर ओली करून फिकट दगडावर टांगू नये. तिचा रंग उतरला तर भिंतीला कायमची नक्षी मिळेल.

प्रश्न : दरजांना काळा रंग हवा आहे. फरशीचे तयार ग्राउट रंगीत मिळते, तेच वापरावे काय?
— एक वाचक, विजापूर रोड

उत्तर : फरशीसाठी मिळणारे वाळूविरहित ग्राउट तीन मिलिमीटरपर्यंतच्या बारीक फटींसाठी असते, अर्ध्या इंचाच्या फटीत ते भरले तर आकसून मधोमध तडकेल. रुंद सांध्यांसाठीचे वाळू घातलेले तयार मिश्रण मिळाले तर ते घेता येईल. इपॉक्सीच्या, म्हणजे सिमेंटऐवजी राळेच्या ग्राउटच्या, वाटेला खडबडीत दगडावर तरी जाऊ नका. साध्या मालात काळा ऑक्साइड रंग मिसळणे हा स्वस्त मार्ग आहे, पण सिमेंटच्या वजनाच्या पाच टक्क्यांच्या पुढे जाऊ नये आणि दर वेळी रंग काट्यावर मोजून घ्यावा. मुठीने टाकलेला रंग प्रत्येक कालवणाला वेगळा उतरतो. ओला माल गडद दिसतो आणि वाळल्यावर दोन छटा फिका पडतो, तेव्हा आधी एका पुठ्ठ्यावर नमुना वाळवून पाहावा.

प्रश्न : आमच्या कुंपणाच्या भिंतीला बाहेरून शहाबादी दगडाच्या पट्ट्या लावल्या आहेत. दरजा भरून दोन महिने झाले आणि आता त्यांवर पांढरी बुरशी आल्यासारखे दिसते. गवंडी म्हणतो, ॲसिडने धुऊन टाका. धुवावे काय?
— एक वाचक, अक्कलकोट रोड

उत्तर : धुऊ नका. शहाबादी हा चुनखडीचा दगड आहे आणि ॲसिड चुनखडीला खाते. खात्री हवी असेल तर उरलेल्या तुकड्यावर लिंबाचे दोन थेंब पिळा. बारीक बुडबुडे दिसतील. बाजारात मिळणारे फरशी धुण्याचे ॲसिड लिंबापेक्षा कितीतरी जहाल असते, ते दगडाची झिलई घालवील आणि नव्या दरजांतले सिमेंटही पोखरील.

आपण वर्णन केलेला थर बुरशीचा नसून लोण्याचा असावा. लोणा म्हणजे भिंतीतले क्षार पाण्यात विरघळून बाहेर येतात आणि पाणी उडून गेल्यावर पृष्ठभागावर उरतात. हाताला पूड लागत असेल आणि पाण्याच्या थेंबात ती विरघळत असेल तर तो लोणाच. तो कोरड्या ब्रशने झाडून पुठ्ठ्यावर गोळा करावा आणि दूर टाकावा. पाइपने भिंत धुतली तर तेच क्षार पुन्हा आत जिरतात आणि आठवड्याने परत येतात.

खरा प्रश्न पाणी कोठून शिरते हा आहे, आणि कुंपणाच्या भिंतीत ते बहुतेक वेळा माथ्यावरून शिरते. पट्ट्यांची वरची कड उघडी असेल तर पावसाचे पाणी दगडामागे उतरते. माथ्यावर दोन्ही बाजूंना इंचभर पुढे येणारी, उताराची फरशी बसवा. तळाशी माती किंवा बागेच्या वाफ्याची कड दगडाला टेकत असेल तर चार इंच मोकळी जागा करा. एवढे केल्यावर लोणा एक-दोन पावसाळ्यांत आपोआप ओसरतो.

प्रश्न : कसब्यातील आमचा वाडा काळ्या दगडाचा असून दरजांतला चुना काही ठिकाणी भुसभुशीत झाला आहे. दोन कारागिरांनी सर्व दरजा उकरून सिमेंटने भरण्याचा सल्ला दिला. वर या पानावरील आपल्या पद्धतीने हे काम घरच्या घरी होईल काय?
— एक वाचक, उत्तर कसबा

उत्तर : थापी तीच, रीत बरीचशी तीच, पण माल सिमेंटचा नको. आपला काळा बेसाल्ट इतका घट्ट असतो की त्याच्यातून ओल फारशी जात नाही. जाड भिंतीत जमिनीतून चढलेली ओल बाहेर पडते ती चुन्याच्या दरजांतून. त्यांना सिमेंटचे बूच मारले की ओल आतल्या खोल्यांकडे वळते आणि गिलावा फुगू लागतो. दरजेचा माल दगडापेक्षा आणि मागच्या जुन्या चुन्यापेक्षा मऊ असावा, म्हणजे झीज दरजेची होते आणि ती पन्नास वर्षांनी पुन्हा भरता येते.

सर्व दरजा उकरण्याचेही कारण दिसत नाही. ज्या बोटाने खरवडल्यावर गळतात तेवढ्याच, रुंदीच्या दुपटीइतक्या खोल, हाताने उकरा. ग्राइंडर लावला तर दगडाच्या कडा जातात. एक भाग भिजवून मुरलेला चुना आणि तीन भाग जाड-बारीक मिश्र वाळू असा माल घ्या. पूर्वी तो बैलाच्या घाणीत दळत आणि त्यात गूळ, हिरडा, बेलफळाचा गर घालत. आज घाणी मिळणार नाही, पण चुना निदान आठवडाभर पाण्याखाली मुरू द्या आणि माल फावड्याने बराच वेळ मळा, कारण चुन्याच्या मालाला सैलपणा पाण्याने नव्हे, मळण्याने येतो. डोळ्यांवर चष्मा आणि हातांत रबरी मोजे हवेतच. चुन्याचा थेंब डोळ्याला इजा करतो.

खोल फट एका दमात न भरता बोटाच्या पेराएवढ्या थरांनी, मधे एक दिवस सोडून भरावी. चुना हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने हळूहळू घट्ट होतो, आणि त्यासाठी तो ओलसर राहावा लागतो. म्हणून हे काम उन्हाळ्यात काढू नका. ऑक्टोबर ते जानेवारी हा काळ योग्य आहे, आणि तेव्हाही दोन आठवडे ओले गोणपाट टांगून ठेवावे लागेल. काळ्या दगडावर गोणपाटाचा डाग दिसत नाही.

मात्र भिंतीचा एखादा भाग पोट काढून पुढे आला असेल, किंवा दगड हाताने हलत असतील, तर तेथे दरज उकरायला स्वतः हात घालू नका. आधी ओळंबा लावून भिंत किती झुकली आहे ते मोजा आणि ते माप घेऊन जुन्या बांधकामाची माहिती असलेल्या अभियंत्याला दाखवा.