अमोनियाचा आकडा तोच, मग उन्हाळ्यातच कोळंबी का मरते?

प्रश्न: गोड्या पाण्यातील कोळंबीच्या तळ्यात हिवाळ्यातही पाणी तपासायच्या किटवर अमोनिया लिटरला १ मिलिग्रॅम यायचा, पण काही बिघडले नाही. आताही तेवढाच येतो आणि कोळंबी काठाला येऊन बसते, कात टाकताना मरते. किट खराब झाले का?

उत्तर: किट ठीक आहे. ते एकूण अमोनिया दाखवते. त्यात दोन रूपे असतात: अमोनियम, जे बरेच कमी घातक, आणि मुक्त अमोनिया, जो कल्ल्यांतून सरळ शरीरात शिरतो. पाणी तापले किंवा सामू (पीएच, म्हणजे पाण्याची आम्लता-अल्कता दाखवणारा आकडा) चढला की मुक्त अमोनियाचा वाटा वाढतो. सामू ८ असेल तर २० अंश सेल्सिअसला हा वाटा ३.८ टक्के, ३० अंशांना साडेसात. म्हणजे तुमच्या त्याच १ मिलिग्रॅममधले विष जवळजवळ दुप्पट झाले. सामू ९ ला गेला तर ३० अंशांना ४५ टक्क्यांच्या आसपास!

म्हणून सकाळच्या तपासणीवर विसंबू नका. हिरव्यागार पाण्यात शेवाळ दिवसभर कार्बन डायऑक्साइड ओढून घेते, सामू दुपारी तीन-चारच्या सुमारास सर्वात वर जातो आणि पाणीही तेव्हाच तापलेले असते. त्या वेळी अमोनिया, सामू, तापमान तिन्ही एकत्र मोजून वहीत लिहा.

तळ्यातले मासे ठणठणीत दिसतात म्हणून निर्धास्त राहू नका. एकूण अमोनियाचा आकडा सारखा असेल तर तापमान बदलल्याने माशांच्या सहनशक्तीत फारसा फरक पडत नाही. कोळंबी, गोगलगाय, शिंपले यांची मात्र पाणी तापेल तशी घटते. शिंपले तर फारच नाजूक. मोत्यांसाठी ते पाळत असाल तर बोटाने हलकेच टोचून पाहा. निरोगी शिंपला लगेच मिटतो, उघडाच राहिला तर पाणी त्याच दिवशी तपासा.

आता करायचे काय? आधी खाद्य निम्म्यावर आणा, चेक ट्रेमध्ये (खाद्य किती खाल्ले ते पाहायला पाण्यात ठेवतात त्या ताटात) उरत असेल तर दोन दिवस पूर्ण बंद. तळाचे काळे पाणी थोडे-थोडे काढून ताजे भरा. एरेटर (पाण्यात हवा मिसळणारे यंत्र) रात्रभर चालवा: २० अंशांच्या पाण्यात लिटरला ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसातच, आणि अमोनिया पचवणाऱ्या जिवाणूंनाही तोच लागतो.

आणि कळकळीची विनंती, कोळंबी मरताना पाहून घाईने चुना टाकू नका. सामू आणखी चढेल आणि उरलेलीही हातची जाईल.